केझं खाल्ला, खाल्ली की खाल्लं?

जर्मनमध्ये चीजला म्हणतात केझं. हो, वर टिंब देऊनच लिहितेय, कारण शेवटचा आवाज अगदी आपल्या पिठलं-लोणचं-केळं मधला आहे, म्हणजे टिंब दिसतं पण नाकात बोलायचं नाही, नुसता एक आखूड अ सोडून द्यायचा आणि गप्प बसायचं. मनातल्या मनात केळं म्हणा, ळ काढा, त्या जागी झाडातला झ टाका, झालं. पुण्यात जर्मनच्या ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, क्लासला जात होते तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं, वहीत 'कायसे' असं लिहून ठेवलेलं आणि दोन महिने तसंच म्हणत होते.

उच्चार सुटला, पण त्याच टिंबाने पुढे घोळ घातला. कारण मराठी कानाला टिंबवाला शब्द म्हणजे 'ते'. ते पिठलं, ते लोणचं, ते केळं, ते वांगं. मग केझं पण ते. शिवाय आपलं चीज पण 'ते'च आहे, सँडविचमध्ये चीज घातलं म्हणतो आपण. त्यामुळे मी बिनधास्त डास केझं म्हणायचे. डेर, डी, डास म्हणजे अनुक्रमे तो, ती, ते, आणि प्रत्येक जर्मन नामाला यातलं एक ठरलेलं असतंच, एवढं पहिल्या आठवड्यात कळलेलं असतं.

डास चूक आहे म्हटल्यावर मी हुशारी केली. तोवर वर्गात एक नियम सांगून झाला होता, की शब्दाच्या शेवटी तो आखूड अ असेल तर शब्द बहुतेक वेळा स्त्रीलिंगी, आणि हा नियम खरंच चांगला आहे, अशा दहातले साधारण नऊ शब्द डी निघतात. किराणा आणि भाजीच्या यादीत तर ढीग आहे, डी टोमाटं, डी बनानं, डी कारोटं, डी झुपं म्हणजे सूप, डी टोर्टं म्हणजे केक, डी शोकोलाडं म्हणजे चॉकलेट. म्हणून डी केझं.

तेही चूक. डेर केझं. तो केझं!

म्हणजे मराठी कान म्हणतो ते, जर्मन नियम म्हणतो ती, आणि आहे तो. खाण्याच्या शब्दांत याच्याइतका छळवादी शब्द मला दुसरा भेटला नाही, आणि म्हणूनच एकच शब्द धरून जर्मन नामाचं सगळं प्रकरण समजून घ्यायचं असेल तर हाच घ्यावा असं माझं मत आहे, कारण हा एक नीट बसला की बाकीचे त्याच्या पुढे किरकोळ वाटतात.

आधी एक तक्रार. आपण जर्मन शिकतो ते इंग्रजीतून. पुस्तक जर्मन-जर्मन असलं तरी डोक्यात भाषांतर इंग्रजीत चालू असतं आणि वर्गात शंकाही इंग्रजीत विचारल्या जातात. आता इंग्रजीत टेबलाला लिंग नाही, पावाला नाही, चीजला नाही, त्यामुळे इंग्रजीवाल्याला हे सगळं नवीन आणि भयंकर वाटणारच, आणि त्याची ती भीती आपण उगाच उसनी घेतो. अरे पण आपल्याकडे तीन लिंगं आहेतच की! हिंदीवाल्याकडे दोन आहेत, त्याला तिसरं शिकावं लागतं. आपल्याला तो पाव, ती भाकरी, ते थालीपीठ यातलं काहीच कधी पाठ करावं लागलं नाही, आणि पाव तो का आणि भाकरी ती का असं विचारलं तर उत्तरही देता येणार नाही. जर्मन पोराचं तेच होतं. त्यामुळे चीजमध्ये पुरुषासारखं काय आहे हा प्रश्नच सोडून द्या, पावात तरी काय आहे.

मग लक्षात कसं ठेवायचं, तर माझी एक युक्ती आहे, पुस्तकात नाही सापडणार. मराठीत आपण भूतकाळात बोलतो तेव्हा खाणारा कोण आहे याला क्रियापद विचारत नाही, काय खाल्लं त्याप्रमाणे बदलतं. मी पाव खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी थालीपीठ खाल्लं. खाणारी मीच, क्रियापद मात्र ताटातल्या वस्तूचं ऐकतं. जर्मनमध्ये असं होत नाही, तिथे क्रियापदाला ताटात काय आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, पण आपण आपल्या सवयीचा फायदा का घेऊ नये. नवीन जर्मन शब्द आला की त्याला लगेच मराठी 'खाल्ला-खाल्ली-खाल्लं' चिकटवून टाकायचं. मी केझं खाल्ला. मी वुर्स्ट खाल्ली (वुर्स्ट म्हणजे सॉसेज, डी). मी ब्रोट खाल्लं (ब्रोट म्हणजे ब्रेड, डास). मोठ्याने चार-पाच वेळा म्हणा. पहिल्यांदा 'केझं खाल्ला' कानाला प्रचंड खटकतं, आणि ते खटकतं म्हणूनच लक्षात राहतं. डेर-डी-डास नुसतं घोकलेलं परीक्षेनंतर उडून जातं, हे नाही उडत.

आता हा शब्द 'तो' झाला कसा. याचं मात्र उत्तर आहे. शब्द मूळचा जर्मन नाहीच, लॅटिन आहे, कासेउस, आणि लॅटिनमध्ये तो पुल्लिंगी होता. रोमन लोकांच्या काळातच तो उत्तरेकडच्या भाषांनी उचलला, त्यातूनच इंग्रजीचं चीज आलं, डच लोकांचं कास आलं, आणि स्पॅनिशमध्ये केसो, पोर्तुगीजमध्ये केइजु हे त्याच घरातले. (फ्रेंच आणि इटालियन लोकांनी नेहमीच्या वापरात दुसराच शब्द घेतला, फ्रोमाज आणि फोर्माज्जो, तो 'फोर्मा' म्हणजे साच्यावरून आला, साच्यात घातलेलं चीज.) जुन्या जर्मनमध्ये शब्द होता कासी. त्या शेवटच्या ई ने आधीच्या का ला ओढून के करून टाकलं आणि मग स्वतः झिजत झिजत नुसता आखूड अ उरला. म्हणजे टोमाटं, बनानं मधला अ आणि केझं मधला अ आज दिसायला सारखे असले तरी केझंचा अ हा झिजलेल्या ई चा उरलेला तुकडा आहे, त्याचा त्या स्त्रीलिंगी मंडळींशी काही संबंध नाही. दक्षिण जर्मनीतल्या बवेरियात तर लोकांनी तोही तुकडा टाकून दिला, तिकडे सरळ कास म्हणतात, डेर कास, मग शेवटी टिंब नाही आणि गोंधळही नाही.

शब्द एका भाषेतून दुसरीकडे जाताना लिंग टिकेलच असं नाही बरं का. आपला बटाटाच बघा. पोर्तुगीज बटाटा स्त्रीलिंगी आहे, पण मराठीत आल्यावर आपण शेवटचा आ ऐकला, म्हटलं घोडा-आंबा-फणसाच्या रांगेतला दिसतोय, आणि करून टाकला पुल्लिंगी, तो बटाटा. (फणस त्या रांगेत नाही, पण लिहिण्याच्या ओघात आला, राहू दे.) जर्मन बटाट्याचं बरोब्बर उलटं झालं, इटालियनमध्ये जमिनीखाली मिळणाऱ्या ट्रफल या अळंबीला टार्टुफोलो म्हणायचे, तो पुल्लिंगी शब्द, त्यावरून जर्मनमध्ये टार्टुफेल आणि मग कार्टोफेल झालं, आणि येताना तो ची ती झाली, डी कार्टोफेल. बुटर म्हणजे बटर, तेही लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी होतं, आज पुस्तकी जर्मनमध्ये डी बुटर आहे आणि दक्षिणेकडे बोलताना लोक खुशाल डेर बुटर म्हणतात. केझंने मात्र दीडेक हजार वर्षांत आपलं लिंग बदललेलं नाही, हट्टी आहे.

लिंग झालं. आता विभक्ती, ज्याला घाबरून अर्धा वर्ग ए-टू पर्यंत गळतो.

शाळेत स, ला, ते, स, ला, ना, ते घोकलेलं आठवतंय का? आपल्याकडे प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठ, जर्मनकडे फक्त चार. नोमिनाटीव म्हणजे आपली प्रथमा, अकुझाटीव म्हणजे द्वितीया, डाटीव म्हणजे चतुर्थी आणि गेनिटीव म्हणजे षष्ठी. बाकीची कामं, ने, हून, त, वगैरे, ती शब्दाच्या आधी लागणाऱ्या छोट्या शब्दांकडे दिलेली आहेत. आपला फरक असा, की मराठीत वाकतो तो शब्द स्वतः. पाव, पण पावाला, पावाचा, पावात. बटाटा, पण बटाट्याला, बटाट्याची भाजी. जर्मनमध्ये शब्द आरामात बसून राहतो आणि त्याच्या पुढचं ते डेर-डी-डास वाकतं. साहेब खुर्चीत, धावपळ शिपायाची. केझंचं असं होतं:

डेर केझं (चीज, कर्ता)
डेन केझं (चीज, ज्याच्यावर क्रिया होते ते)
डेम केझं (चीजला, चीजबरोबर, चीजमध्ये)
डेस केझस् (चीजचा, चीजची)

बघा, चार ओळींत केझं स्वतः फक्त शेवटी एकदा हलला, एक स लावून घेतला, आणि ही शेवटची ओळही जास्त करून लिहिण्यातली आहे. बोलताना लोक 'डेस केझस्' च्या ऐवजी सर्रास 'फॉन डेम केझं' म्हणतात, म्हणजे डेमवरच भागवतात. तेव्हा रोजच्या कामाला लागतात ते तीनच, डेर, डेन, डेम.

यातला डेन हा खरा अडकवणारा. कारण मराठीत निर्जीव वस्तू कर्म असली तर आपण तिला काहीच लावत नाही. मुलाला बघितलं म्हणतो पण पावाला खाल्लं नाही म्हणत, पाव खाल्ला म्हणतो. त्यामुळे 'मी चीज खाते' चं जर्मन करताना चीजला काहीतरी करायला हवं हे डोक्यातच येत नाही आणि आपण 'इश एसं डेर केझं' ठोकून देतो. जर्मनला सजीव-निर्जीव चालत नाही, कर्म म्हणजे कर्म: इश एसं डेन केझं. आणि मजा म्हणजे हा बदल फक्त पुल्लिंगीला होतो! डी वुर्स्ट खाताना पण डी वुर्स्टच, डास ब्रोट खाताना पण डास ब्रोटच. एक म्हणायचं झालं तर आइन केझं, पण खाताना आइनन केझं. नाही म्हणायचं तर कायनन केझं, 'इश एसं कायनन केझं', मी चीज खात नाही, व्हीगन मंडळींना हे वाक्य पाठ असलेलं बरं. म्हणून मी म्हणते की पुल्लिंगी शब्द आधी पक्के करा, डी आणि डास यांचं कर्म करताना निदान रूप तरी बदलत नाही, डेरची चूक पुढे डेनमध्ये आणि डेममध्ये आणि विशेषणात व्याजासकट बाहेर येते.

दुसरी अडचण द्वितीया-चतुर्थीची. आपल्याकडे दोन्हीचे प्रत्यय एकच, म्हणून शाळेतही ही द्वितीया की चतुर्थी यावर मार्क जायचे. मुलाला मारलं, मुलाला खाऊ दिला, ला तोच. जर्मनमध्ये वेगळे. यासाठी मला कोल्हा आणि कावळ्याची गोष्ट फार उपयोगी पडली. आपल्याकडे कावळ्याच्या चोचीत कोणी पुरी देतं कोणी मांसाचा तुकडा, जर्मन गोष्टीत चीज असतं. आणि कावळ्याच्या जागी असतो डोमकावळा, डेर राबं. कोल्हा म्हणजे डेर फुक्स. तिघेही पुल्लिंगी! आता कोल्हा कावळ्याचं चीज लांबवतो:

डेर फुक्स निम्ट डेम राबन डेन केझं वेक.

डेर फुक्स, घेणारा. डेम राबन, कावळ्याकडून, डाटीव. डेन केझं, घेतलेली वस्तू, अकुझाटीव. तीन पुरुष एका ओळीत आणि कोण काय करतंय ते फक्त त्या तीन छोट्या शब्दांवरून कळतंय. आता क्रम बदला, डेन केझं निम्ट डेर फुक्स डेम राबन वेक, तरी अर्थ तोच, चीज काही कोल्ह्याला पळवत नाही. आपल्याकडे नाही का, 'कावळ्याला कोल्ह्याने फसवलं' आणि 'कोल्ह्याने कावळ्याला फसवलं', काहीही आधी घ्या. इंग्रजीत हे करून बघा, जमणार नाही. म्हणून म्हटलं इंग्रजीतून शिकू नका.

त्या वाक्यात एक गोष्ट खटकली का? राबं चा राबन झाला, पण केझं मात्र केझंच राहिला. दोघेही पुल्लिंगी, दोघांच्याही शेवटी तोच आखूड अ. इथे दुसरा सापळा आहे, आणि हा अभ्यासू लोकांसाठी लावलेला आहे. नियम असा, की पुल्लिंगी शब्दाच्या शेवटी अ असेल तर तो बहुतेक वेळा दुबळ्या गटातला असतो, आणि दुबळ्या गटाला कर्ता सोडून सगळीकडे शेवटी न लागतो. डेर युंगं म्हणजे मुलगा, पण डेन युंगन, डेम युंगन. डेर हाझं म्हणजे ससा, पण डेन हाझन. डेर आफं म्हणजे माकड, डेन आफन. या गटात माणसं आणि प्राणी भरलेत, डेर नामं (म्हणजे नाव) यासारखे थोडे निर्जीवही आहेत. आपल्या सामान्यरूपासारखंच आहे हे, घोडा-घोड्याला तसं हाझं-हाझन, म्हणून आपल्याला ते पटकन आवडतं, आणि मग आवडीच्या भरात आपण डेन केझन करून ठेवतो. मी केलंय. परीक्षेत. हाझं आणि केझं यमकात आहेत ना, मला वाटलं वागतीलही तसेच. पण केझं दुबळा नाही, त्याला एकवचनात न कधीच लागत नाही, षष्ठीत तो धट्ट्याकट्ट्या शब्दांसारखा स घेतो. शेवटी आखूड अ, लिंग पुल्लिंग आणि तरीही दुबळा नाही, असा रोजच्या वापरातला अस्सल घरचा झालेला शब्द जवळजवळ हा एकटाच आहे. कारण वर सांगितलंच, तो अ मुळात अ नव्हताच, ई होता.

अनेकवचन पटकन उरकते. डी केझं. म्हणजे शब्द तोच आणि पुढे डी, त्यामुळे कुठेतरी डी केझं छापलेलं दिसलं म्हणून स्त्रीलिंगी समजू नका, अनेक चीजं आहेत तिथे. फक्त डाटीवमध्ये डेन केझन होतं, तेव्हा कुठे त्याला न मिळतो. खरं सांगायचं तर लोक अनेकवचन फार वापरत नाहीत, प्रकार सांगायचे असतील तर केझंझोर्टन म्हणतात, चीजचे प्रकार.

जोडशब्दात शेवटचा शब्द राजा, हे मात्र नीट लक्षात ठेवा. डास केझंब्रोट, कारण शेवटी ब्रोट. डी केझंटेकं म्हणजे दुकानातलं चीजचं काउंटर, कारण टेकं म्हणजे काउंटर डी आहे. आणि केझं स्वतः शेवटी आला की मग सगळे डेर, डेर फ्रिशकेझं म्हणजे ताजं चीज, डेर त्सीगनकेझं म्हणजे बकरीचं, डेर शाफ्सकेझं म्हणजे मेंढीचं. आपल्याकडेही पाव तो असला तरी पावभाजी ती, शेवटचाच शब्द जोर मारतो. बवेरियात डेर लेबरकेझं मिळतो, नाव लिव्हर-चीज, पण आत चीज नसतं आणि बवेरियन प्रकारात सहसा लिव्हरही नसतं, मांस बारीक वाटून ब्रेडसारखं भाजलेलं असतं. शाकाहारी लोकांनी केझं वाचून उडी मारू नये.

चीजच्या जातींची नावंही अशीच डेर घेऊन बसतात, डेर गाउडा, डेर कामांबेर, डेर पार्मेझान, डेर फेटा. मोझ्झारेला इटलीत स्त्रीलिंगी आहे, सीमा ओलांडून आली की डेर मोझ्झारेला. मागे न दिसणारा केझं उभा असतो म्हणून. तुम्ही पनीरबद्दल बोलाल तेव्हाही डेर पनीर म्हणा.

आता काउंटरवर चला, कारण हे सगळं तिथे दोन मिनिटांत लागतं. इकडे जर्मनीत आल्यावर पहिल्याच शनिवारी आठवडी बाजारात चीजच्या गाडीपुढे उभी राहिले. मोठी चाकं ठेवलेली काचेमागे, नावं धड वाचता येत नव्हती. म्हटलं बोट दाखवू, काही बोलायलाच नको. बोट दाखवून म्हटलं, डी हिअर, बिटं. ही द्या. बाईंनी माझ्या बोटाकडे बघितलं, मग चीजच्या मागे टांगलेल्या वुर्स्टकडे बघितलं. चीज तो आहे, ती म्हटल्यावर त्या बिचाऱ्या काहीतरी स्त्रीलिंगी शोधत होत्या! मग चाकावर हात ठेवून म्हणाल्या, डेन हिअर? मी म्हटलं, या, डेन. हा द्या. नाम न उच्चारता लिंग चुकलं होतं माझं. पण आपल्याकडे तरी काय वेगळं आहे, हॉटेलात भाकरीकडे बोट दाखवून 'हा द्या' म्हटलं तर वेटर बाजूच्या वाटीतला ठेचा उचलेल.

मग त्यांनी विचारलं, आम श्टुक ओडर गेश्निटन, अखंड तुकडा की कापून, हा प्रश्न प्रत्येक काउंटरवर येतो, उत्तर तयार ठेवा. आणि वजन करताना काटा थोडा वर गेला की 'थोडं जास्त चालेल का' हाही ठरलेला प्रश्न, आपल्या भाजीवाल्यासारखाच.

गाउडाच्या पाट्यांवर विशेषणं असतात, युंगर गाउडा, मिटलआल्टर गाउडा, आल्टर गाउडा. तरुण, मध्यमवयीन, म्हातारा. खरंच असं लिहितात. इथे डेर कुठेच नाही, मग लिंग कुठे गेलं, तर ते विशेषणाच्या शेपटीला जाऊन बसलं, त्या 'र' मध्ये. जर्मनचा सगळा विशेषण-प्रकार असा आहे, की लिंगविभक्तीची खूण एकदा तरी दिसली पाहिजे, कोणीतरी दाखवा. डेर आल्टं केझं म्हटलं तर डेरने र दाखवून झाला, मग आल्टं निवांत. आइन केझं म्हटलं तर आइनमध्ये काहीच दिसत नाही, म्हणून आइन आल्टर केझं, आल्टला काम करावं लागलं. नुसतं आल्टर केझं म्हटलं तरी तेच. ओझं एकच आहे, पुढच्याने उचललं की मागच्याला उचलायला नको.

आणि विभक्ती लागली, पुढे डेन-डेम काहीतरी आहे, की विशेषणाला न. डेन आल्टन केझं, डेम आल्टन केझं. आता हे आपल्याकडे जसंच्या तसं आहे. जुना पाव, जुनी भाकरी, जुनं लोणचं, पण जुन्या पावाला, जुन्या भाकरीला, जुन्या लोणच्याला. तिघांचंही जुन्या. जर्मनमध्ये डाटीवला तिघांचंही आल्टन, डेम आल्टन केझं, डेर आल्टन वुर्स्ट, डेम आल्टन ब्रोट. (हो, स्त्रीलिंगी डाटीवला डी चं डेर होतं, आणि ते पुल्लिंगी डेरसारखं दिसतं, त्यावर आत्ता रडायला नको.) मी तर आल्टन ऐकलं की मनात 'जुन्या' म्हणते. २०० ग्राम फॉन डेम आल्टन, बिटं. त्या जुन्यातलं २०० ग्रॅम द्या.

शाकाहारी असाल तर विशेषणाची शेपटी आणखी एका ठिकाणी बघावी लागते. चीज घट्ट करायला जे वापरतात ते रेनेट, जर्मनमध्ये डास लाब. ते वासराच्या पोटातलं असतं किंवा बुरशीपासून वगैरे केलेलं. पाकिटावर टीरिशेस लाब दिसलं की प्राणिज, मिक्रोबिएलेस लाब दिसलं की चालेल. हा शेवटचा 'एस' म्हणजे डासचा स, नपुंसकलिंगाची खूण. पण पुढे मिट म्हणजे 'सह' आलं की डाटीव, मग मिट टीरिशेम लाब होतं, शेपटीला म. मी सुरुवातीला पाकिटावर फक्त एस-वालं रूप शोधायचे आणि म-वालं दिसलं की दुसराच काहीतरी पदार्थ असेल समजून टोपलीत टाकायचे. अस्सल इटालियन पार्मिजानोमध्ये प्राणिजच असतं, तो नियमच आहे त्यांचा.

एक शेवटचं राहिलं, माशीचं. 'चीजवर' असं आपण एकदाच म्हणतो, माशी चीजवर बसली, माशी चीजवर बसलेय. जर्मनला यातला फरक हवा असतो. माशी येऊन बसते, म्हणजे हालचाल आहे, तेव्हा आउफ डेन केझं. आधीच बसलेली आहे, तेव्हा आउफ डेम केझं. येतेय तोवर डेन, टेकली की डेम. मिरपूड चीजवर टाकतेय, डेन. टाकून झाली, आता ती तिथेच आहे, डेम. मला हे पाठ करून नाही आलं, उन्हाळ्यात बाल्कनीत ब्रेड-चीजची प्लेट घेऊन बसले होते आणि एक माशी पिच्छा सोडत नव्हती, तिला हाकलत हाकलत म्हणत बसले, डेन, डेम, उडाली, डेन, डेम. बाजूच्या बाल्कनीतले आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, झो आइन केझं!

म्हणजे काय फालतूपणा आहे. चीजचा हाही एक अर्थ आहे इकडे.